पाठीतला एक स्क्रू

पावणेचार इंची जी. आय. जो सैनिकाच्या पाठीत एकच स्क्रू असतो. स्टार पेचकसाने तो काढला की छाती आणि पाठ सुटी होते, दोन्ही हात आणि डोकं निघून येतं आणि आत एक काळी रबरी कडी दिसते. ती सोडवली की कंबर आणि पायही वेगळे. पाहता पाहता अख्खा शिपाई टेबलावर सुटा पडतो आणि तितक्याच झटपट पुन्हा उभा राहतो. जुन्या फिगर उघडायच्या, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायचं, वर नवा रंग चढवायचा आणि बाजारात कधीच न आलेलं पात्र घडवायचं, हा छंद आज जगभर आहे. तो वाढला त्याचं मोठं श्रेय या एका स्क्रूला आहे, असं माझं मत झालं आहे.

दिवाळी अंकासाठी ‘मोठ्यांची खेळणी’ हा विषय संपादकांनी दिला, तेव्हा त्यांच्या मनात महागड्या, काचेच्या कपाटात मांडून ठेवायच्या वस्तू असाव्यात. मला मात्र म्हापशाचा माझा मावसभाऊ आठवला. दिवसभर लोकांचे हिशेब तपासणारा हा माणूस रात्री जेवणं उरकली की टेबललॅम्प लावून फिगर रंगवत बसतो. मी त्याच्याकडेच गेले.

इतिहास थोडक्यात सांगते. हॅसब्रो या अमेरिकी कंपनीने 1964 साली बारा इंची जी. आय. जो बाजारात आणला. मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हटलं गेलं आणि पुढे हेच नाव सगळ्या जातीला चिकटलं. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, प्लॅस्टिक महागलं. मग केनर कंपनीच्या ‘स्टार वॉर्स’ फिगरनी पावणेचार इंचांचं माप रूढ केलं आणि 1982 साली जी. आय. जो त्याच छोट्या मापात परत आला.

या 1982च्या पहिल्या फळीपाशी थोडं थांबायला हवं. साचे महाग असतात, म्हणून हॅसब्रोने त्या सैनिकांमध्ये हात, पाय, धड, अगदी चेहरेसुद्धा वाटून वापरले. एकच धड इथे एका रंगात, तिथे दुसऱ्या रंगात. रंगकामाचा खर्च वाचवण्यासाठी एका सैनिकाला तर रंगाचा एक ठिपकाही लावला नाही. तो नुसत्या काळ्या प्लॅस्टिकचा ओतला. तो स्नेक आइज. पुढे तोच या मालिकेतला सर्वांत लाडका योद्धा ठरला. आज छांदिष्ट लोक घरी जे करतात, ते कारखान्याने काटकसरीपोटी आधीच केलं होतं. सुटे भाग अदलाबदलीचे होते, रंग बदलला की माणूस बदलत होता, आणि मुलांनी हे बरोबर हेरलं. प्रत्येक फिगरच्या पुठ्ठ्यामागे त्या सैनिकाची माहिती छापलेली असे. ती लिहिली लॅरी हामा यांनी, ज्यांनी मार्व्हलसाठी या मालिकेची कॉमिक्सही लिहिली. माझा भाऊ आपल्या प्रत्येक नव्या पात्राची अशीच कुंडली मांडतो: गाव, शिक्षण, हुद्दा, स्वभाव. त्याच्या एका पाणबुड्याचं गाव वेंगुर्ला आहे.

आता त्या रबरी कडीकडे वळते, कारण माझा जीव तिच्यातच अडकला. तिला सगळे ‘ओ-रिंग’ म्हणतात. साधारण पाऊण इंच व्यासाची, बारीक. दोन्ही पायांची वरची टोकं एका धातूच्या आकड्यात अडकतात. ओ-रिंग त्या आकड्यात ओवायची, कंबरेच्या भोकातून वर ताणून घ्यायची आणि छातीच्या आतल्या, स्क्रू बसतो त्या खुंटाभोवती टाकायची. वर छातीची दुसरी बाजू ठेवून स्क्रू पिळला की काम झालं. ताणलेलं रबर पायांना कंबरेत आणि कंबरेला धडात ओढून धरतं. म्हणून हा शिपाई कंबरेतून वळतो, पुढे झुकतो, खाली बसतो आणि ठेवाल तसा राहतो. 1983 साली दंडालाही फिरता सांधा मिळाला आणि बंदूक दोन्ही हातांनी धरता येऊ लागली. ना स्प्रिंग, ना गोंद, सगळा डोलारा एका रबराच्या ताणावर. इतकं साधं आणि इतकं पुरेसं यंत्र मी खेळण्यात दुसरं पाहिलेलं नाही.

‘ताई, स्क्रू सरळ आवळायचा नाही,’ भाऊ म्हणाला. ‘आधी उलटा फिरव. टक् करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा.’ तसं केलं नाही तर स्क्रू प्लॅस्टिकमध्ये नवे आटे पाडतो, खुंट ठिसूळ होतो आणि एक दिवस तडकतो. मी तसं करून पाहिलं. तो टक् बोटाला नीट कळतो.

रंगवण्याआधीची कामं कंटाळवाणी, पण सगळं त्यांच्यावरच अवलंबून असतं. सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. जुना रंग काढायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं. अ‍ॅसिटोन चुकूनही नाही, ते एबीएस प्लॅस्टिकच विरघळवतं. खांदा जिथे धडात घासतो तिथे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून किंचित घासायचं, रंगाच्या थराला जागा व्हावी म्हणून. भिजवून अशासाठी की प्लॅस्टिकची धूळ छातीत जाऊ नये. पट्टा, टोपी, दाढी असं काही नवं घडवायचं असेल तर विदेशात इपॉक्सी पुट्टीचे नाना प्रकार मिळतात. म्हापशात एम-सील चालतं. दोन वड्या मळल्या की काही वेळ हातात असतो, तेवढ्यात ओल्या टाचणीने सुरकुत्या, शिवणी, बटणं कोरून घ्यायची.

मग प्रायमर आणि त्यावर पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग. रंग दुधाइतका पातळ करून एकावर एक थर द्यायचे. एकच जाड थर दिला की चेहऱ्याची कोरणावळ बुजते. घड्या उठून दिसाव्यात म्हणून गडद पातळ रंग खोलगट भागात सोडतात, आणि जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवून उजळ कडा काढतात.

डोळे सगळ्यांत शेवटी. ते रंगवताना मी श्वास रोखून पाहत होते. डोकं जेमतेम सेंटीमीटरभर. मला वाटलं होतं, दोन-चार केसांचा ब्रश लागत असेल. पण इवल्या ब्रशात रंग राहत नाही, कागदापासून चेहऱ्यापर्यंत नेईस्तोवर वाळतो. भाऊ एक नंबरचा, भरीव पोटाचा पण टोक सुईसारखं असलेला ब्रश घेतो. दोन्ही कोपरं टेबलावर, मनगटं एकमेकांना टेकलेली, श्वास अर्धा सोडलेला. आधी डोळ्यांच्या जागी गडद तपकिरी. त्यावर मोतिया रंगाची रेघ, भोवती तपकिरी काठ उरेल अशी. चक्क पांढरा वापरला तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. मग बुबुळ. तो ठिपका देत नाही, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत एक उभा फटकारा ओढतो. दुसऱ्या डोळ्यासाठी डोकं उलटं धरतो, म्हणजे हात त्याच सोयीच्या दिशेने चालतो. बिघडलं तर ओल्या ब्रशने पुसून पुन्हा. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच का देतात, ते या टेबलापाशी मला नीट उमगलं.

म्हापशाला जाण्यामागे आणखी एक कारण होतं. हॅसब्रोचे साचे जगभर फिरले. ब्राझीलमध्ये एस्त्रेला, अर्जेंटिनात प्लास्तिरामा आणि भारतात फनस्कूल अशा कंपन्यांनी त्यांतून आपापला माल काढला. फनस्कूल ही एमआरएफची कंपनी 1987 साली हॅसब्रोच्या भागीदारीत उभी राहिली, आणि तिचा कारखाना गोव्यात. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात आणि गोव्यात वाढलेल्या कितीतरी मुलांच्या हातात पडलेले जी. आय. जो हे फनस्कूलचे. साचा तोच, पण प्लॅस्टिकची आणि रंगांची निवड इथली. अमेरिकेत हिरवा असलेला गणवेश इथे भलत्याच रंगात निघे, कधी एकाच पात्राच्या दोन खेपांत फरक पडे. त्या वेळी हा गबाळेपणा वाटला असेल. आज जगातले संग्राहक नेमक्या याच फरकांसाठी फनस्कूलचा माल शोधतात.

रंगवणाऱ्यांना त्याचं मोल आणखी एका कारणाने आहे. सांध्यावर रंग टिकत नाही. कितीही पातळ थर द्या, कितीही दिवस वाळवा, हात वर-खाली झाला की खांद्यावरचा रंग खरवडला जातो. मुरलेला माणूस त्यावर उपाय करतो तो रंगाने नाही. हव्या त्या रंगाच्या प्लॅस्टिकमध्येच ओतलेला हात शोधून आणतो. मग घासला तरी खालून तोच रंग निघतो. गोव्यात ओतलेला वेगळ्या रंगाचा दंड किंवा पाय अशा वेळी कामी येतो. असे भाग मिळावेत म्हणून जी जुनी फिगर फोडतात, तिला या मंडळींत ‘फॉडर’ म्हणतात, म्हणजे चारा.

इथून पुढे मात्र माझी काळजी सुरू होते.

पहिली काळजी रबराची. ओ-रिंग काही वर्षांनी वाळते, चिरते आणि तुटते. माळ्यावरचा डबा उघडला की शिपाई कंबरेत दुभंगलेला सापडतो तो त्यामुळे. ते एक वेळ सोपं; पंप दुरुस्तीच्या दुकानात मापाची ओ-रिंग मिळून जाते. प्लॅस्टिकचं तसं नाही. जुनी बंदूक जोर लावून मुठीत कोंबली की अंगठा तुटतो, आणि कंबरेच्या तुकड्याचा पायांमधला चिंचोळा भाग तडकतो. नवे भाग कारखान्यातून येणं कधीच बंद झालं. म्हणजे एक शिपाई सावरायला दुसरा फोडायचा, आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक जगातला साठा एकाने घटतो. पांढरं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं ते वेगळंच. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून प्रकाशात ठेवलं की ते उजळतं, पण जास्त झालं तर पृष्ठभाग खराब होतो.

दुसरी अडचण हवेची. कोकण-गोव्यात जून ते सप्टेंबर मॅट वार्निश फवारायची सोय नाही. दमट हवेत फवारा मारला की थरात ओल अडकते आणि सगळी फिगर पांढुरकी धुरकट होते. महिन्याची मेहनत एका झटक्यात जाते. भाऊ पावसाळ्यात फक्त ब्रशने काम करतो. स्प्रेच्या डब्याचा आणखी एक धोका असा की मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे रंग कधी वाळतच नाहीत. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेला पदार्थ वर झिरपतो आणि रंग कायम चिकट राहतो. त्यावर औषध नाही. सगळा रंग काढून पहिल्यापासून सुरुवात. नव्या फिगरच्या सांध्यांत वापरलेल्या अ‍ॅसिटल प्लॅस्टिकवर तर रंग धरतच नाही, नखाने सोलून निघतो.

तिसरी गोष्ट पैशाची. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 साली 70 टक्के. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती आली. मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये यासाठीचा नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण चाळिशीतल्या माणसाने परदेशातून चार तुटके हात-पाय मागवायचे म्हटले तर त्यांची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून इथला छांदिष्ट इथल्या जुन्या साठ्यावरच जगतो, आणि तो साठा किती नाजूक आहे ते वर आलंच.

चौथा प्रश्न नीतीचा. दुसऱ्याने घडवलेलं डोकं सिलिकॉनच्या साच्यात घालून रेझिनच्या नकला ओतणं आता अवघड राहिलेलं नाही. स्वतःपुरती एक काढणं निराळं आणि विकायला शंभर काढणं निराळं. ज्याने रात्री जागवून तो चेहरा कोरला, त्याच्या तोंडचा घास त्यात जातो. मला हे सरळ चोरीचंच वाटतं.

सगळ्यांत मोठा बदल मात्र कंपनीने स्वतःच केला. 2007 साली, पंचविसाव्या वर्षाच्या मालिकेत, हॅसब्रोने ओ-रिंगची रचना सोडली. नव्या फिगरचे सांधे जास्त, चेहरे रेखीव, अंगकाठी प्रमाणबद्ध. दिसायला त्या सरस आहेत, हे मान्य. पण धड उघडायचं तर ते तापवून मऊ करावं लागतं, पात्याने शिवण फोडावी लागते, आणि पुन्हा जोडलं तरी आधीसारखं बसेल याची खात्री नाही. जुन्या फिगरला आठ वर्षांचं मूल बापाच्या पेचकसाने उघडू शकत होतं आणि आत काय आहे ते पाहून पुन्हा बंद करू शकत होतं. त्या मुलांमधूनच पुढचे रंगारी तयार झाले. आज आठ वर्षांच्या असलेल्या मुलांमधून तसे किती निघतील, याचा मला भरवसा वाटत नाही. माझ्या लेखी हे नुकसान वर सांगितलेल्या सगळ्या अडचणींपेक्षा मोठं आहे.

आणि गोव्यातल्या त्या मालाची नोंद? कोणत्या खेपेत कोणता रंग निघाला, कोणत्या पात्राला कोणाचे हात लागले, हे आज बव्हंशी परदेशातल्या हौशी लोकांनी हातातल्या नगांवरून जुळवलेलं आहे. ज्या घरांत तो माल पहिल्यांदा गेला, ती घरं इथली आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, आईच्या ट्रंकेत, जुन्या बिस्किटांच्या डब्यात फनस्कूलचे शिपाई असतील तर ते भंगारात देऊ नका. पुठ्ठ्याचं कार्ड उरलं असेल तर सपाट, कोरड्या जागी ठेवा. मूळ रंग शाबूत असेल तर रंगवू नका. आधी पुढून-मागून फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. तुटका असेल तर बिनधास्त उघडा, ओ-रिंग बदला, हवा तसा रंगवा. मात्र घरी रंगवलेली फिगर लहान मुलाच्या हाती खेळायला देऊ नका, तो रंग त्यासाठी तपासलेला नसतो. आणि स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवा.