१५४० साली काइतान नव्हता

दहा वर्षांपूर्वी बेळगावच्या कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही सहा जण पहिल्यांदा टेबलाभोवती बसलो, तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद होता. कागदावर आपल्या पात्राचं नाव लिहायचं होतं. खेळ साधा. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि निभाव लागला की नाही ते फासे ठरवतात. अमेरिकेत १९७४ साली निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीतला मूळपुरुष. आम्हाला मात्र राक्षस आणि गुहा नको होत्या. आमच्या पायाखालची गोष्ट हवी होती, म्हणून असदखान लारीचं बेळगाव घेतलं. असदखान आदिलशाहीचा इथला सरदार, १५४९ साली वारला. त्याचा दर्गा कॅम्पातच आहे. गोव्याच्या फिरंग्यांशी त्याचं कधी सख्य, कधी कारस्थान. त्यामुळे खेळात पोर्तुगीज पात्रं येणारच होती.

पहिल्या दिवशी कागदांवर आलेली नावं होती कार्लोस, डिएगो आणि रोनाल्डो. फुटबॉलमधून आलेली. डिएगो तर स्पॅनिश, पोर्तुगीज त्याला दियोगु म्हणतात. सूत्रधार मी होतो आणि मलाही त्यापलीकडचं काही ठाऊक नव्हतं. मागे वळून बघताना मला वाटतं, या दहा वर्षांत आम्ही फासे टाकण्यापेक्षा नावं शोधण्यातच जास्त रमलो.

जुन्या पोर्तुगीज बखरकारांकडे वळल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज नावांचा तोंडवळाच वेगळा होता. तेव्हा फेर्नांदु कमी, फेर्नांव जास्त. पेद्रु आडनावाआधी आला की पेरु व्हायचा, रोद्रिगु आखडून रुई व्हायचा. ब्राश, लोपु, मार्तीं, नुनु, त्रिश्तांव, दुआर्त. आणि बाळ येशूला भेटायला गेलेल्या तीन राजांवरून ठेवलेली गाश्पार, बेल्शियोर, बाल्ताझार. बायकांमध्ये बियात्रिझचं जुनं रूप ब्रितिश, शिवाय गियोमार, व्हियोलांत, लियोनोर. आज लिस्बनच्या रस्त्यावर यातली कित्येक नावं आजीच्याही आजीची वाटतील. आमच्या खेळाला तीच हवी होती.

उच्चारांची धास्ती मात्र सगळ्यांनाच होती. ती एका संध्याकाळी पावामुळे गेली. चहाबरोबर पाव आला होता. पोर्तुगीज भाषेत नावाच्या शेवटी येणारा तो अनुनासिक ‘आंव’, ज्यावर इंग्रजी शिकलेली जीभ अडखळते, तो आपण रोज सकाळी उच्चारतो. त्यांचा ‘पांव’ आपल्याकडे पाव झाला. पाव म्हणता येणाऱ्याला जुआंव, सिमांव, फेर्नांव म्हणायला काय अवघड? निपाणीहून येणारा आमचा एक गडी त्या दिवसापासून ही नावं अशी म्हणू लागला, जणू त्याच्या गल्लीतलीच. उलट दिशेनेही हेच घडलं होतं. पोर्तुगीज बखरींत आदिलखानाचा ‘इदाल्कांव’ होतो आणि आमचा असदखान ‘असेदेकांव’. खानाला त्यांनी आपल्या आंवात ओतलं, आपण त्यांच्या अफोन्सुला हापूस केलं. घाटातून वर येणाऱ्या आंब्याच्या पेट्यांमध्ये एक सोळाव्या शतकातलं नाव दडलेलं असतं, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

नावांबरोबर माणसंही सापडली. जुआंव माशादु हा शिक्षा झालेला कैदी. कब्रालच्या पोर्तुगीज ताफ्याने १५०० साली त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडून दिलं. तिथून तो हिंदुस्थानात पोचला, आदिलशाही फौजेत अधिकारी झाला आणि गोव्याच्या लढाईच्या काळात पुन्हा आपल्या लोकांत परतला. फेर्नांव लोपिशची गोष्ट याहून कठोर. तो आदिलशाहीकडून लढला. १५१२ साली बाणस्तारीच्या वेढ्यानंतर जीव वाचवण्याच्या बोलीवर शरण आला, तेव्हा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने जीव राखला आणि त्याचं नाक, कान, उजवा हात कापवला. पुढे तो अटलांटिकमधल्या सेंट हेलिना बेटावर कित्येक वर्षं एकटा राहिला आणि १५४५ साली तिथेच मेला. आमच्या टेबलावर लोपिश तीनदा खेळला गेला, तीन वेगवेगळ्या जणांनी, आणि एकदाही कुणी त्याला खलनायक केलं नाही. सीमाभागात वाढलेल्या मुलांना दोन राज्यांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाची अवस्था समजावून सांगावी लागत नाही.

माशादु म्हणजे कुऱ्हाड. हेच आडनाव आपल्याकडे मचाडो होऊन नांदतं. बेळगावचा धर्मप्रांत गोव्याच्या महाधर्मप्रांतातून १९५३ साली वेगळा झाला, आणि तेव्हापासूनचे इथले बिशप पाहा: रॉड्रिग्ज, लोबो, मोरस, मचाडो, फर्नांडिस. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगुचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फेर्नांदुचा, लोबो म्हणजे लांडगा. शेवटी ‘एश’ लावून बापाचं नाव सांगायची ही रीत आपल्या मधल्या नावासारखीच, फक्त ती पुढे गोठून आडनाव झाली. नव्याने खेळायला आलेली मुलं अर्थावर भाळतात. दर मोसमात कुणाला तरी लोबो व्हायचं असतं.

इथे मला सूत्रधार म्हणून एक गोष्ट नेहमी थांबून सांगावी लागते. आडनाव फिरंगी म्हणून माणूस फिरंगी नव्हे. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळायचं, आणि धर्मपिते वेगळे असले तर सख्ख्या भावांचीही आडनावं वेगळी व्हायची. म्हणून आमच्या खेळात सोझ आडनावाचा एक शेतकरी असतो, त्याची बायको कोंकणी बोलते आणि त्याच्या आजोबांचं जुनं नाव घरात हळू आवाजात घेतलं जातं. ‘दों’ या मानाचंही तसंच. जो तो दों नसे. खुद्द वास्को द गामालासुद्धा हा मान पहिल्या सफरीवरून परतल्यावर राजाने दिला.

ब्राझीलमध्ये असाच एक खेळ, ‘तागमार’, १९९१ साली निघाला आणि पुढच्याच वर्षी वसाहतकाळावर बेतलेला ‘बान्देइरांतिशचं आव्हान’ आला. तिथल्या खेळाडूंना ही नावं घरचीच. आपल्याला ती दूरची वाटतात. तशी ती वाटू नयेत, हे मला ज्या मुलीमुळे कळलं तिच्याबद्दल लिहिण्यासाठीच खरं तर हा मागोवा घेतो आहे.

ती कॅम्पातली. आडनाव पोर्तुगीज, घरात कोंकणी, मैत्रिणींत मराठी. पहिले दोन महिने ती गप्प बसून आमची नावं ऐकत होती. मग एकदा म्हणाली, “ही सगळी नावं आमच्या घरात आहेत की ओ सर. फक्त तुम्ही पुस्तकातली म्हणता.” आणि तिने म्हणून दाखवली: पेद्रू, बस्त्यांव, जाकीन, इनास, रुझार, काइतान. घाट चढता चढता झिजलेली, जिभेला सोयीची झालेली. १८८०च्या दशकात मुरगावची रेल्वे कॅसलरॉकला येऊन भिडली, आणि तिथल्या सीमेच्या अलीकडे इंग्रजी अंमल होता, पलीकडे पोर्तुगीज. पलीकडच्या कागदावरचा जुआंव अलीकडे नोकरीला लागला की जॉन व्हायचा. घरात मात्र तो दोन्ही नसायचा, तिसराच काही असायचा. १९६१ साली पलीकडचा पोर्तुगीज अंमल संपल्यावर कागदावरची जुनी रूपं आणखी मागे पडली. आता पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करायची म्हणून तीच रूपं पेटीतून बाहेर काढली जातात, एकेक अक्षर जुळवून पाहिलं जातं. ज्या गावाच्या स्वतःच्या नावाची अधिकृत पाटी २०१४ साली बदलली, तिथे अक्षरांचं हे मोल कुणाला सांगायला नको.

तिला तिच्या पात्राचं नाव काइतान ठेवायचं होतं. आजोबांचं नाव. ते नुकतेच गेले होते. आणि मी नाही म्हणालो. आमचा खेळ १५४० सालचा. ज्या संतावरून हे नाव आलं तो गायतानो तेव्हा इटलीत जिवंत होता. तो १५४७ साली वारला, त्याच्या पंथाचे पाद्री गोव्यात १६४० साली आले, आणि त्याला संतपद मिळालं १६७१ साली. हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते त्यानंतर. इनासचंही तेच. लोयोलाचा इग्नेशियस आणि फ्रान्सिस झेवियर १६२२ साली एकाच दिवशी संत झाले, तेव्हा शाब्येर हे नावही १५४० साली कुणा बाळाचं असणं शक्य नाही. मी हे सगळं तारखांसकट समजावलं. तिने ऐकून घेतलं. तारखा तिला पटल्या. मग म्हणाली, “मग साल बदला की ओ सर. तेवढं नाव नको बदलायला.”

घरी जाऊन मी रात्रभर वह्या चाळल्या. असदखान, त्याचे हेर, तीन वर्षं उभं केलेलं बेळगाव, सगळं मागे ठेवावं लागणार होतं. पुढच्या रविवारी टेबलावर नवा नकाशा पसरला. साल १६८३. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला, आणि किल्ला सोडवायला संभाजी महाराजांची फौज येत होती. संतपदाच्या वर्षी बाप्तिस्मा झालेला मुलगा त्या वेळी बारा वर्षांचा असणार. तिने कागदावर वय लिहिलं, बारा. काम लिहिलं, छावणीत पाणी भरणारा. वर नाव लिहिलं, आणि फासे हातात घेण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचलं.