पावसाळी सह्याद्री: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जूनचे पहिले पाऊस पडले की शनिवार-रविवारची गर्दी कर्जत, लोणावळा, भंडारदऱ्याकडे वळते. डोंगराची ही ओढ चांगलीच आहे. पण दरवर्षी काही घरांवर या सहलींत आघात होतो, आणि त्यामागे बऱ्याचदा डोंगराविषयीचे चुकीचे समज असतात.

गैरसमज : सह्याद्री ठेंगणा, इथे कसला धोका?
वस्तुस्थिती : राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे खरं. पण इथला धोका उंचीत नसून रचनेत आहे. लाव्ह्याचे थर साचून हा डोंगर घडला, त्यामुळे सपाट पठार आणि लगेच उभा कडा अशी त्याची ठेवण. दाट धुक्यात काठ पाच पावलांवर आला तरी दिसत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलेला आहे. काठावर उभं राहिलं तर पायाखाली काय आहे, ते कळतच नाही.

गैरसमज : पाऊस थांबला, आता ओढ्यात उतरायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : सर्वांत घातक समज हाच. आपल्या डोक्यावर ऊन असतं, तेव्हा वरच्या पठारावर पाऊस कोसळत असू शकतो. कातळात पाणी फारसं मुरत नाही. ते ओढ्यातून काही मिनिटांत खाली येतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण लोंढ्यात वाहून गेले. पाणी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहत येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच सोडून उंच काठ गाठावा.

गैरसमज : मोबाइलवर नकाशा आहे, वाटाड्या कशाला?
वस्तुस्थिती : रानात ढोरवाटाही मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात आणि रेंज ऐनवेळी जाते. शिवाय एकाच गडाच्या वाटांत मोठा फरक असतो. हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट नवख्यांना जमते. नळीची वाट मात्र अनुभवी लोकांनीच आणि कोरड्या दिवसांत करावी. पायथ्याच्या गावातला वाटाड्या हा फरक जाणतो, आणि त्याला दिलेले पैसे त्याच गावात राहतात.

गैरसमज : डोंगर अनुभवायचा तर गडच चढायला हवा, रिसॉर्टवर उतरणाऱ्यांचं ते काम नाही.
वस्तुस्थिती : माथेरान पाहा. पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे लाल मातीच्या, झाडांच्या सावलीतल्या वाटा एकेका पॉइंटकडे जातात. आजी-आजोबा आणि मुलं मिळून तिथे सकाळभर चालू शकतात. पावसात मात्र पॉइंटचे कठडे ओलांडू नयेत.

गैरसमज : भटकंतीचा ऋतू फक्त पावसाळा.
वस्तुस्थिती : सप्टेंबरमध्ये पठारांवर सोनकी फुलते, कासचं पठार रंगतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आकाश स्वच्छ, कातळ कोरडा आणि चढ सुसह्य असतो. अवघड गड याच दिवसांसाठी राखून ठेवावेत.

निघण्यापूर्वी गडाचं नाव, वाट आणि परतीची वेळ घरी सांगा. संकटात ११२ क्रमांक लावा. आणि वाटाड्याने ‘आज पुढे नको’ म्हटलं, तर वाद न घालता मागे फिरा.