संगणकाच्या भाषा आणि विचारांचे वळण

परकी भाषा अस्खलित बोलता येणे आणि त्या भाषेत विचार करता येणे या दोन निराळ्या अवस्था आहेत. शब्द आणि व्याकरण पक्के झाल्यावरही वाक्याची घडण बराच काळ मातृभाषेचीच राहते आणि ऐकणाऱ्याला ती लगेच जाणवते. संगणकाला सूचना देण्यासाठी घडवलेल्या कृत्रिम भाषांच्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग भाषांच्या बाबतीत हा अनुभव अधिक ठळकपणे येतो, कारण त्यांची शब्दसंपत्ती अगदी तुटपुंजी असते. १९८९ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या सी भाषेत राखीव शब्द अवघे ३२ होते. ते एका दुपारी पाठ होतात, तरीही त्या भाषेत सहज लिहिता येण्यास वर्षे लागतात.

ही वर्षे कशात जातात, याचे उत्तर भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसन यांनी १९५९ साली मांडलेल्या एका विचारात सापडते. भाषांमधील खरा भेद कोणत्या भाषेत काय सांगता येते यात नसून काय सांगावेच लागते यात असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपण आल्याचे सांगताना मराठी बोलणाऱ्याला स्वतःचे लिंग क्रियापदातून उघड करावे लागते, आणि स्वतःच्या गटाविषयी बोलताना समोरचा त्यात धरला आहे की नाही हेही ठरवावे लागते. इंग्रजीत यांपैकी कशाचीच सक्ती नाही, पण उल्लेखिलेली वस्तू निश्चित आहे की अनिश्चित, हे मात्र तेथे जवळजवळ प्रत्येक नामापाशी ठरवावे लागते. मातृभाषेत हे निर्णय नकळत होतात आणि परक्या भाषेत ते जाणीवपूर्वक घ्यावे लागतात.

प्रोग्रॅमिंग भाषांची सक्तीही अशीच वेगवेगळी असते. सी भाषेत माहितीसाठी मागून घेतलेली मेमरी परत केव्हा करायची, याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. रस्ट या भाषेत, जिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली आली, प्रत्येक मूल्याची मालकी प्रोग्रॅमच्या कोणत्या भागाकडे आहे हे स्पष्ट असावे लागते, आणि तसे नसल्यास कंपायलर, म्हणजे लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, तो मजकूर स्वीकारतच नाही. हॅस्केलमध्ये एखादे फलन (फंक्शन) केवळ उत्तर काढते की फाइल, पडदा अशा बाहेरच्या जगाशीही व्यवहार करते, याची नोंद त्याच्या प्रकारातच असते. पायथन यांपैकी काहीच विचारत नाही, म्हणून ती नवशिक्याला सोपी वाटते; पण त्या भाषेचेही स्वतःचे वळण आहे.

हे वळण एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जून महिन्याच्या ३० दिवसांच्या पावसाची नोंद हाती आहे, आणि ज्या दिवशी ५० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, फक्त त्या दिवसांच्या पावसाची बेरीज हवी आहे. सी भाषेत वाढलेला प्रोग्रॅमर बेरीज शून्य धरतो, दिवसाचा अनुक्रमांक एकेकाने वाढवत जातो, प्रत्येक आकडा तपासतो आणि अटीत बसला तर बेरजेत मिळवतो; अशा पुनरावृत्तीला लूप म्हणतात. विदासंचातून माहिती काढण्याच्या एसक्यूएल या भाषेत फक्त काय हवे ते सांगायचे असते, ते कसे शोधायचे हे यंत्र ठरवते. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल भाषेत तर दिवस एकेक करून पाहण्याची कल्पनाच उद्भवत नाही: संपूर्ण ओळीची ५० शी एकदम तुलना केली की शून्य आणि एक यांची ओळ मिळते, तिने मूळ ओळीला गुणले की नको असलेले दिवस शून्य होतात, आणि उरते ती बेरीज. आयव्हर्सन यांची ही चिन्हपद्धती १९६२ साली ग्रंथरूपाने आली, आणि संगणकशास्त्रातील १९७९ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानाचा विषयच त्यांनी विचाराचे साधन म्हणून चिन्हपद्धती असा ठेवला होता. गणित शिकलेल्या प्रत्येकाला त्यांचे म्हणणे पटावे, कारण रोमन अंकांत गुणाकार करून पाहिल्यावर लेखनपद्धतीचे बळ निराळे सिद्ध करावे लागत नाही.

सी शिकून पायथनकडे वळलेला प्रोग्रॅमर पुष्कळदा यादीची लांबी मोजून, अनुक्रमांक धरून तिच्यातील घटकांपर्यंत पोहोचतो, वास्तविक पायथन ते घटक थेट हाती देते. प्रोग्रॅम चालतो, उत्तरही बरोबर येते. फक्त वाचणाऱ्याला त्यात परका हेल ऐकू येतो.

तरीही या तुलनेला मर्यादा आहेत. प्रोग्रॅमिंग भाषा कोणाचीच मातृभाषा नसते, आणि माणूस अर्धवट वाक्यही समजून घेतो तसे कंपायलर करत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की प्रोग्रॅम वाचताना मेंदूतील भाषेची केंद्रे फारशी उद्दीपित होत नाहीत. तर्क, गणित अशा कठीण बौद्धिक कामांत गुंतणारे जाळे मात्र होते. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातील अभ्यासात मात्र पायथन शिकण्याच्या वेगाशी अंकगणिती कौशल्यापेक्षा परकी भाषा शिकण्याच्या क्षमतेचा संबंध अधिक आढळला. हे निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही: पहिला निष्कर्ष प्रोग्रॅम समजून घेण्याविषयी आहे, दुसरा नवी रचना अंगवळणी पाडण्याविषयी. उत्तम प्रोग्रॅमरला गणिती वृत्तीबरोबरच मातृभाषेवर असामान्य प्रभुत्व हवे, असे संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले होते, आणि भाषेकडे दुर्लक्ष करून तांत्रिक शिक्षण देऊ पाहणाऱ्यांनी ते गांभीर्याने घ्यायला हवे.

पहिल्या भाषेची पकड किती चिवट असते, हे जॉन बॅकस यांनी सर्वांत स्पष्टपणे ओळखले. त्यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीत १९५७ साली फोरट्रान ही भाषा सिद्ध झाली आणि पुढच्या असंख्य भाषांनी तिचेच वळण गिरवले. त्याच बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग व्याख्यानात, एका वेळी एकच मूल्य हलवण्याच्या या सवयीने विचारालाच बांधून ठेवले आहे असे म्हणत, फलनांची जुळणी करून प्रोग्रॅम रचण्याची निराळी पद्धत मांडली. त्या विचाराला जवळची असलेली रचना जावा भाषेत २०१४ साली आली. म्हणून आज एकाच जावात लिहिलेल्या दोन प्रोग्रॅमपैकी एकात अनुक्रमांक वाढवत जाणारा लूप आणि दुसऱ्यात संपूर्ण यादीवर लावलेल्या फलनांची साखळी आढळते, आणि लिहिणारा कोणत्या भाषेत वाढला असावा याचा अंदाज जाणकार वाचकाला पुष्कळदा त्यावरूनच बांधता येतो.