परत येणारे रॉकेट आणि भाड्याचा हिशेब

28 ऑगस्ट 2025 रोजी दुपारी पावणेदोनच्या सुमारास आम्ही दुकानाच्या गादीवर बसून मोबाइलवर एक नजारा पाहिला. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात तेव्हा पहाट व्हायची होती. तेथील ज्या तळावरून 1969 साली माणूस चंद्राकडे निघाला, त्याच तळावरून स्पेसएक्स या खासगी कंपनीचे फाल्कन 9 रॉकेट इंटरनेटचे 28 उपग्रह घेऊन अंधारात वर गेले. आठ-साडेआठ मिनिटांत त्याचा खालचा भाग परत आला आणि अटलांटिक समुद्रातल्या एका तराफ्यावर सरळ उभा राहिला. दुकानातली पोरे तोंडात बोट घालून पाहत होती. आमच्या मनात मात्र व्यापाऱ्याचा सवाल आला. यात बचत किती, आणि ती जाते कोणाच्या खिशात? आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी त्याचाच खुलासा येथे करीत आहोत.

हे चालते कसे?

फाल्कन 9 सुमारे 70 मीटर उंच आहे. त्याचे दोन भाग. खालच्या भागात नऊ इंजिने असून ती शुद्ध केलेले रॉकेल आणि द्रवरूप प्राणवायू जाळतात. अडीच मिनिटे जोर लावून हा भाग वरच्या भागाला साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर सोडतो आणि मागे फिरतो. वरचा भाग एका इंजिनावर पुढे जातो व तासाभराने उपग्रह सोडतो. खाली येणारा भाग चार जाळीदार पंखांनी दिशा सांभाळतो, इंजिने पेटवून वेग मोडतो, आणि शेवटी एका इंजिनाच्या आधाराने चार पाय उघडून तराफ्यावर टेकतो.

पूर्वी हा खालचा भाग दर खेपेला समुद्रात जाई. यंत्रमागाच्या धंद्यातला माणूस यातले नुकसान लगेच ओळखेल. सायझिंगमधून सूत गुंडाळलेला बीम मागावर येतो, कापड उतरले की रिकामा बीम पुन्हा सायझिंगला जातो. प्रत्येक ताण्यानंतर लोखंडी बीम भंगारात टाकला तर कापडाचा भाव काय होईल? रॉकेटवाल्यांनी अर्ध्या शतकाहून जास्त काळ बहुतेक वेळा हेच केले.

परत आणले म्हणजे नफा झाला असे नव्हे

अमेरिकेच्या सरकारी स्पेस शटलनेही 1981 ते 2011 या काळात 135 उड्डाणे केली, आणि ते यानही परत येत असे. पण त्याच्या अंगावरच्या हजारो फरशा तपासायच्या, इंजिने उतरवून दुरुस्त करायची, यात महिने जात आणि खर्च अफाट होई. शिवाय 1986 व 2003 च्या दोन अपघातांत 14 अंतराळवीरांचे प्राण गेले. धडा साफ आहे. दुरुस्ती स्वस्त हवी आणि खेपा भरपूर हव्यात, तरच परत आणण्यात फायदा.

स्पेसएक्सने खालचा भाग पहिल्यांदा सुखरूप उतरवला तो डिसेंबर 2015 मध्ये. मार्च 2017 मध्ये वापरलेला भाग पुन्हा उडवला. यात तोटाही सोसावा लागतो. उतरण्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते, म्हणून माल कमी जातो. रॉकेट फेकून दिले तर ते सुमारे 22.8 टन नेऊ शकते, परत आणायचे तर 17 टनांच्या आसपास. कंपनीचे मालक इलॉन मस्क यांनी 2020 साली सांगितलेला हिशेब असा की, माल 40 टक्क्यांहून कमी घटतो, परत आणणे व दुरुस्ती 10 टक्क्यांच्या आत बसते, दुसऱ्या खेपेला बरोबरी होते आणि तिसरीपासून फायदा. आम्ही पाहिलेला भाग जून 2021 मध्ये पहिल्यांदा उडाला होता आणि ही त्याची 30 वी खेप होती. मुद्दल केव्हाच वसूल!

जोखीम मात्र संपलेली नाही. बरोबर एक वर्ष आधी, 28 ऑगस्ट 2024 रोजी, असाच एक भाग 23 व्या खेपेला उतरताना कलंडून नष्ट झाला. आणि वरचा भाग दर खेपेला नवाच लागतो.

माग रिकामा राहू नये

माग घेतला पण ऑर्डर नाही, तर माग मालकालाच खातो. इतक्या उड्डाणांना गिऱ्हाईक कोठून आणायचे? कंपनीने ते घरातच निर्माण केले, त्याचे नाव स्टारलिंक. मे 2019 मध्ये पहिले 60 उपग्रह गेले. 2024 साली फाल्कनची 130 हून अधिक उड्डाणे झाली, त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश स्टारलिंकसाठीच होती.

इतके उपग्रह कशाला, असे कोणी विचारील. जुन्या पद्धतीचा उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटरवर असतो. तेथून सवाल जाऊन जबाब यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, म्हणून विलंब फार थोडा. पण इतक्या खालून एका उपग्रहाला जमिनीचा लहान तुकडाच दिसतो आणि तो झपाट्याने पुढे सरकतो. म्हणून हजारो लागतात. त्यांचे आयुष्यही सुमारे पाच वर्षांचे, म्हणजे ऑर्डर कधी संपतच नाही.

स्वस्ताई कोणाला?

आता आमच्या मूळ सवालाकडे येऊ. फाल्कन 9 च्या एका उड्डाणाचा जाहीर भाव बरीच वर्षे 6 कोटी 20 लाख डॉलर होता. 2022 मध्ये तो 6 कोटी 70 लाख झाला. बीम परत येऊ लागला, मजुरी वाचली, पण गिऱ्हाइकाचा भाव उतरला नाही, उलट चढला. तरीही गिऱ्हाईक येते, कारण तेवढ्या भावात आणि तेवढ्या लवकर दुसरा नेत नाही. वनवेब ही इंटरनेट उपग्रहांच्या धंद्यातली प्रतिस्पर्धी कंपनी. 2022 मध्ये रशियाची रॉकेटे बंद झाल्यावर तिने काही उपग्रह आपल्या इस्रोकडे दिले, काही स्पेसएक्सकडे. ॲमेझॉननेही डिसेंबर 2023 मध्ये फाल्कनची तीन उड्डाणे घेतली. आपला 4,700 किलोचा जीसॅट-एन2 उपग्रह इस्रोच्या रॉकेटला जड पडत होता, तोही नोव्हेंबर 2024 मध्ये फाल्कननेच गेला.

आम्ही धंद्यात नवे असताना एकाच पेढीकडून सूत घेत होतो आणि तिलाच कापड देत होतो. पहिले वर्ष सुखाचे गेले. मग सुताचा भाव तीच ठरवू लागली आणि कापडाचाही. बाहेर पडायला आम्हाला तीन वर्षे लागली. गाडी, माल आणि बाजार एकाच्या हाती असले म्हणजे काय होते, ते आम्ही तेव्हा शिकलो.

जून 2025 मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने स्टारलिंकला परवाना दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव यांसारख्या दूरच्या भागांसाठी कंपनीशी इरादापत्र केले. जेथे तार पोहोचत नाही तेथल्या कारागिराला ही मोठीच सोय आहे, तिला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण सौदा करताना छत्रीची किंमत, महिन्याचे भाडे, मुदतीनंतरचा भाव आणि बिघाड झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्यावे. शहरात तारेचे जोडणे असेल तर ते एकदम तोडू नये.

रॉकेट परत आणणाऱ्यांच्या हुनराला आमची मनापासून दाद आहे. मात्र वाचलेला पैसा आपोआप गिऱ्हाइकापर्यंत येत नाही. बाजारात दुसरे दुकान उघडे असेल तरच तो येतो.