दोन अंडी, जिवाणू आणि हृदय

हृदयविकाराचा विषय निघाला की आपली चर्चा तेल-तूप आणि कोलेस्टेरॉल यांपलीकडे सहसा जात नाही. पोटातल्या जिवाणूंकडे मला गंभीरपणे पाहायला लावले ते दोन उकडलेल्या अंड्यांनी.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅनली हेझन यांच्या गटाने निरोगी माणसांना दोन-दोन उकडलेली अंडी खायला दिली. काही तासांत त्यांच्या रक्तात ‘टीएमएओ’ नावाचे संयुग वाढले. मग आठवडाभर प्रतिजैविके देऊन पुन्हा अंडी दिली, तर ते जवळजवळ नाहीसेच! औषधे थांबवून महिना उलटल्यावर तिसऱ्यांदा अंडी दिली आणि टीएमएओ परत हजर. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. अंडी तशीच, माणसे तीच. बदलले होते ते आतड्यांतले बिऱ्हाड.

अंड्यातल्या लेसिथिनमध्ये कोलीन असते. काही जिवाणू ते तोडून ट्रायमिथाइलअमाइन हा वायू तयार करतात. शिळ्या मासळीचा वास येतो तो याचाच. रक्तावाटे तो यकृतात पोचतो, यकृत त्याला ऑक्सिजन जोडते आणि टीएमएओ बनते. म्हणजे अर्धे काम जिवाणूंचे, अर्धे आपले. लाल मांसातल्या कार्निटीनचेही असेच होते. पण दीर्घकाळ शाकाहारी असलेल्यांना कार्निटीन दिले, तरी त्यांच्या रक्तात टीएमएओ फारच कमी तयार झाले.

याच गटाने ४,००७ रुग्णांचा तीन वर्षे मागोवा घेतला. टीएमएओ सर्वाधिक असलेल्या चौथ्या हिश्श्यातील रुग्णांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी असलेल्या हिश्श्याच्या सुमारे अडीच पट होता.

इथे मी थोडा थबकतो. समुद्रातल्या मासळीत टीएमएओ आयतेच असते. मग रोज बांगडा खाणारा कोकणी माणूस धोक्यात म्हणायचा? मासे तर हृदयाला हितकर मानले जातात. शिवाय हे संयुग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती दुबळी झाली की रक्तात ते साठते, आणि अशा रुग्णांना हृदयविकाराचा धोका एरवीही जास्तच असतो. तेव्हा टीएमएओ गुन्हेगार की नुसता साक्षीदार, हा वाद माझ्या मते मिटलेला नाही.

प्रतिजैविके हा उपाय नव्हेच. त्यांत उपकारक जिवाणूही मरतात, आणि अंड्यांच्या प्रयोगात दिसले तसे टीएमएओ परततेच. हेझन यांच्या गटाने २०१५ मध्ये वेगळी वाट दाखवली. डीएमबी हे रसायन उंदरांना दिले, तेव्हा जिवाणू मेले नाहीत, फक्त कोलीन तोडणारी त्यांची कात्री बोथट झाली. त्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थरही कमी साचले.