कासवांचे गाव वेळास : निसर्गमित्रांचे कार्य, ग्रामस्थांचा सहभाग

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटनजीक वेळास हे गाव वसले आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासाला परिचित आहे. एकविसाव्या शतकात मात्र समुद्री कासवांची राखण करणारे गाव म्हणून त्याने नवा लौकिक मिळविला. या कार्याचा आरंभ चिपळूण येथील 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने केला. भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था १९९२ मध्ये स्थापन केली.

पाहणीतून लागलेला शोध

कोकण किनाऱ्यावरील समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी संस्थेने हाती घेतली होती. या पाहणीत २००२ मध्ये कार्यकर्ते वेळासला पोहोचले असता वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येथे अंडी घालण्यास येतात, हे ग्रामस्थांना पूर्वापार ठाऊक होते. परंतु ती अंडी उकरून खाण्याची व विकण्याचीही रीत होती. माणसाच्या हातून जी सुटत, ती कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीने या प्राण्यास पूर्ण संरक्षण दिले आहे. तथापि मैलोगणती निर्जन किनाऱ्यावर रात्री पहारा कोणी ठेवावा, हा प्रश्न केवळ कायद्याने सुटणारा नव्हता.

संस्थेने त्याचे उत्तर गावातच शोधले. कासवाच्या पाऊलखुणा ओळखून घरटे नेमके कोठे आहे हे सांगणारी माणसे गावातच होती. त्यांचे हेच ज्ञान रक्षणाच्या कामी लावण्यात आले. पहिल्याच हंगामात ५० घरटी सुरक्षित राखण्यात आली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात सोडण्यात आली.

राखण कशी होते ?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या कासवांचा विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असा असतो. मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, दीड फुटाच्या सुमारास खोल खड्डा करून त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते व वाळूने तो बुजवून समुद्रात परतते. पुन्हा ती घरट्याकडे फिरकत नाही.

पहाटे गस्त घालणारे कासवमित्र तिच्या मागावरून घरटे शोधतात. अंडी काही तासांच्या आतच हलवावी लागतात. कारण त्यानंतर आतील गर्भ कवचास चिकटतो व अंडे फिरल्यास तो दगावतो. कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा, तशाच मडक्यासारख्या आकाराचा खड्डा करून त्यात ती ठेवली जातात. सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. ती वेळ जवळ आली की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. बाहेर आलेली पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर सोडली जातात व आपल्या पायांनी समुद्र गाठतात.

वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरते. उष्णता अधिक असल्यास माद्या अधिक निपजतात. हवामान तापत असताना घरट्याच्या जागेची निवड म्हणूनच महत्त्वाची ठरते.

संरक्षणातून उपजीविका

केवळ उपदेशाने हे कार्य टिकले नसते. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास लोकांना बोलावण्याची कल्पना पुढे आली आणि 'कासव महोत्सव' सुरू झाला. पाहुण्यांची सोय गावातील घरांतूनच केली जाऊ लागली. ओसरीवर मुक्काम व घरचे कोकणी जेवण यांतून कुटुंबांच्या, विशेषतः महिलांच्या हाती पैसा येऊ लागला. अंडी विकण्यापेक्षा ती जपण्यात गावाचे हित आहे, हे अनुभवानेच पटले. पुढे वनविभाग व ग्रामस्थ यांनी ही जबाबदारी उचलली आणि आंजर्ले, गुहागर आदी किनाऱ्यांवरही असेच काम उभे राहिले.

जानेवारी २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान व भारतीय वन्यजीव संस्थान यांनी वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसविला. तिला 'प्रथमा' असे नाव देण्यात आले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा परस्परसंबंध त्यामुळे दिसून आला.

पंचायती व शाळांचे कार्य

अंड्यांची चोरी कमी झाली, तरी संकटे संपलेली नाहीत. किनाऱ्यावरील प्रखर दिव्यांमुळे पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. वाळूवरून धावणाऱ्या वाहनांनी घरटी दडपली जातात, तर टाकून दिलेल्या जाळ्यांत मोठी कासवे अडकतात. हंगामात किनाऱ्यालगतचे दिवे मंद ठेवणे, वाहनांना अटकाव करणे व जुनी जाळी गोळा करणे ही कामे ग्रामपंचायतींना सहज करता येण्याजोगी आहेत. शिक्षकांनी मुलांना एकदा तरी पहाटेच्या गस्तीवर न्यावे. हजार पिल्लांमागे एखादेच प्रौढ होते असे मानले जाते. म्हणूनच एकेका घरट्याची राखण मोलाची आहे. आणि ती राखण करू शकणारा माणूस बहुधा त्याच गावात असतो, हाच वेळासचा धडा होय.