जुनी वाहने तोडण्याचा धंदा : कायदा, विमा आणि जबाबदारी

नाशिकमध्ये राहणाऱ्यास अंबड-सातपूर लिंक रोडवरील भंगार बाजार ठाऊक नाही, असे सहसा होणार नाही. जानेवारी 2017 मध्ये महानगरपालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तो हटविला. पुढे तेथे पुन्हा दुकाने उभी राहिली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा कारवाई झाली. बाजार तेथे असावा की नसावा, या वादात आम्ही शिरत नाही. परंतु आपल्या सभासदांपैकी काहींची मुले अशा धंद्यात पोट भरतात, आणि घरातील जुनी स्कूटर वा रिक्षा भंगारात देण्याचा प्रसंग तर कोणावरही येतो. म्हणून या धंद्यातील कायदा आणि विमा यांची माहिती येथे देत आहोत.

प्रथम गाडी देणाऱ्याविषयी. गाडी वजनावर विकली, पैसे हातात आले, म्हणजे आपण सुटलो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 55 प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर ते नोंदणी अधिकाऱ्यास कळवून आर.सी. बुक जमा करावयाचे असते. प्रत्यक्षात काय होते? मालक फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून आर.सी. बुकासह देऊन टाकतो. गाडी तोडली न जाता दुरुस्त होऊन दुसऱ्याच गावी धावू लागते. अपघात झाला की नोटीस येते ती मूळ मालकाच्या घरी. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात 2018 साली हेच स्पष्ट केले. गाडी एकापाठोपाठ अनेकांच्या हाती गेली होती, तरी आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि नुकसानभरपाईस जबाबदार, असा निर्णय झाला. त्या वेळी गाडीचा विमा संपलेला असेल, तर सारी रक्कम त्याच्याच खिशातून जाते.

याकरिता केंद्र सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये वाहन निष्कासन केंद्रांचे नियम काढले. अशा नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते आणि गाडी तोडल्यावर दुसरे प्रमाणपत्र निघते. ठेव प्रमाणपत्र दाखविल्यास नवीन गाडीची नोंदणी फी माफ होते व मोटार वाहन करातही सवलत मिळू शकते. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या पर्यावरण नियमांप्रमाणे आयुष्य संपलेली गाडी मालकाने 180 दिवसांच्या आत अशा केंद्रात किंवा संकलन केंद्रात द्यावयाची आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विम्यातील नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्यावे, म्हणजे तो नवीन गाडीला लावता येतो.

आता तोडणाऱ्याकडे वळू. त्याला सर्वात मोठी भीती चोरीच्या मालाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून घेतला, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नेहमीच असा व्यवहार करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत. "आम्ही किलोवर घेतले" हे उत्तर पोलिसांपुढे टिकत नाही. कोऱ्या कागदावर आलेली, चेसिस नंबर घासलेली गाडी स्वस्त का मिळते, हे घेणाऱ्याला कळायला हवे. नोंदणीकृत केंद्राला तर तोडण्यापूर्वी गाडी चोरीची नाही ना, हे पोलिसांच्या नोंदींवरून पडताळून पाहावेच लागते.

परंतु आमच्या मते खरा प्रश्न कामगाराचा आहे. पेट्रोलची टाकी रिकामी दिसते, तिच्यात वाफ असते. गॅस कटर लावला की स्फोट. न फुटलेली एअरबॅग, सी.एन.जी.ची टाकी, बॅटरीतील ॲसिड, जॅकवरून घसरणारा सांगाडा, यांपैकी कशानेही मुलाचा हात किंवा जीव जाऊ शकतो. दहा किंवा अधिक कामगार असतील तर कामगार राज्य विमा लागू होतो. (या योजनेचा पाया ज्या अडारकर अहवालाने घातला, तो 1944 चा, तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते.) दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक मोकळा होत नाही. नुकसानभरपाईचा कायदा 1923 पासूनचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, हिशेबाची पद्धत मात्र तीच राहिली. विद्यार्थ्यांनी तो करून पाहावा. 30 वर्षांचा कामगार, पगार 15,000 रुपये, कामावर मृत्यू. पगाराचा निम्मा भाग 7,500, त्याला वयाचा गुणक 207.98. रक्कम होते 15,59,850 रुपये. महिन्याभरात न दिल्यास 12 टक्के व्याज, आणि वर दंडही होऊ शकतो. लहान धंद्याचा सारा माल विकूनही एवढे पैसे उभे राहणार नाहीत. त्या मानाने कामगार नुकसानभरपाईच्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता फार थोडा असतो. "काही झाल्यास मालक जबाबदार नाही" असे कामगाराकडून लिहून घेण्याची पद्धत आहे. त्या कागदाला किंमत नाही. माणूस ठेकेदाराचा आहे, ही सबबही चालत नाही.

आगीच्या विम्यात दोन चुका होतात. एक, धंदा 'गॅरेज' म्हणून लिहिणे. तोडकाम, गॅस कटर, टायरचा साठा हे प्रस्ताव अर्जात लिहिले नाही, तर दावा नाकारला जाऊ शकतो. दुसरी, कमी रकमेचा विमा. माल दहा लाखांचा, विमा पाच लाखांचा आणि नुकसान चार लाखांचे, तर सर्वसाधारण हिशेबाने हाती येतात दोनच लाख. पाच कोटींपर्यंतच्या लहान धंद्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची अशी तूट धरली जात नाही. आग शेजारच्या दुकानात पसरली, तर त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

जळके ऑईल गटारात सोडणे, बॅटऱ्या फोडून शिसे काढणे हे गुन्हे आहेत. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सातपूर येथील कार्यालय विचारणा करू शकते.

स्वतःचे नोंदणीकृत केंद्र काढणे मोठ्या भांडवलाचे काम आहे, सर्वांना ते जमणार नाही. पण ज्याच्याकडे दोनच माणसे कामाला आहेत, त्यानेही एक जाड वही घालावी. एका बाजूस आलेल्या गाडीचा नंबर, चेसिस नंबर, देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तारीख, दुसऱ्या बाजूस कामगाराचे नाव, वय, पगार आणि त्याच्या वारसाचे नाव.